बुधवारचा पेशंट

त्या बुधवारी माझा पेशंट आलाच नाही, आणि त्याच्या जागी खुर्चीत भलताच कोणीतरी आडवा पडला होता. छातीवर पाना, कानामागे पेन्सिल, डोळे मिटलेले. बाहेर फिजीतल्या सुवा शहराचा नेहमीचा पाऊस पत्र्यावर धडधडत होता, आणि दाराशी माझे चौदा विद्यार्थी वह्या घेऊन उभे होते.

मी डॉक्टर, पण दातांची नव्हे. दातांच्या कॉलेजात मुलांना दात सोडून बाकीचा माणूस शिकवायचा, हे माझं काम. मधुमेह, रक्तदाब, हृदय, आणि पेशंटला रात्री झोप लागते का, हेसुद्धा. मुलांना हा विषय म्हणजे गळ्यातलं लोढणं वाटायचं. त्यांचे हात ड्रिलसाठी शिवशिवत असायचे. म्हणून दर बुधवारी मी एक खोटा पेशंट आणायचे. त्याला आजाराचं कार्ड लिहून द्यायचं, आणि मुलांनी तोंड उघडायला सांगण्याआधी त्याच्याशी दहा मिनिटं नुसतं बोलायचं.

"उठा," मी त्या माणसाला म्हटलं, "नाहीतर आजारी तरी पडा."

त्याने एक डोळा उघडला. "कुठला आजार आहे?"

"मधुमेह."

"चालेल. तू कुठली?"

मी बेंगा बेटावरची म्हटल्यावर तो उठूनच बसला. "मी कोरोचा. म्हणजे तू माझी तौवू. आता तुझी सुटका नाही."

खरंच नव्हती. आमच्या दोन बेटांचं हे नातं पणजोबांच्याही आधीचं. एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, वस्तू न विचारता उचलायच्या, आणि कुणी रागवायचं नाही. त्याचं नाव रुपेनी, कॉलेजच्या खुर्च्या दुरुस्त करायचा. पाच मिनिटांत त्याने माझी छत्री स्वतःची म्हणून जाहीर केली आणि माझ्या केसांना कोंबडीचं खुराडं म्हणाला. मुलं भलतीच खूश झाली.

तेव्हापासून बुधवारचा पेशंट तोच. एकदा तो सकाळपासून उपाशी आलेला मधुमेही झाला, एकदा गोळ्यांची नावं विसरलेले म्हातारे पाद्री, एकदा पोटाला उशी बांधून सात महिन्यांची गरोदर बाई. मुलं हसता हसता शिकत होती. आणि मी? मी मंगळवारी संध्याकाळी कार्डं सुवाच्य अक्षरात लिहायला लागले होते. कानामागे चाफा खोचायला लागले होते.

"तौवू, कानातून झाड उगवलंय," तो म्हणाला. पण बघतच राहिला…

वर्ग संपला की तो 'त्याच्या' छत्रीतून मला बस स्टँडपर्यंत सोडायचा. छत्री लहान होती, आणि दोघांपैकी कुणीही मोठी आणायचं नाव काढत नव्हतं.

"पुढच्या बुधवारी काय होऊ दे मला?" एकदा त्याने विचारलं.

"तुला काय हवंय?"

त्याने छत्री माझ्या बाजूला कलती केली. "हृदयाचं दे. लहानपणच्या तापातून होतं ना… ते."

मला वाटलं, स्वारी लाडात आली. बसमध्ये चढताना माझंच हृदय जाग्यावर नव्हतं.

त्या बुधवारी तेरेतियाने प्रश्न विचारले. किरिबास बेटांवरची, वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. रुपेनी सांगत गेला. नवव्या वर्षी गुडघे सुजले, ताप आला, हृदयाची झडप गळकी झाली. मग दर अठ्ठावीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. नर्स बोटीने यायची, तेव्हा तो दालोच्या, म्हणजे अळूच्या, शेतात लपायचा. डाव्या बाजूला टोचलं की तीन दिवस शाळेच्या बाकावर उजवीकडे कलून बसायचा. मोठा झाल्यावर त्याने सगळं सोडून दिलं.

इतकं हुबेहूब होतं की मी मोठ्याने हसले. म्हटलं, याला कोणीतरी नाटकात घ्या. मुलंही हसली. रुपेनीही हसला, पाना उचलला आणि निघून गेला. छत्री तशीच राहिली.

तेरेतिया मात्र मागे थांबली. "मॅडम, बाकावर कलून बसायचं तुम्ही कार्डावर लिहिलं होतं?"

"नाही. त्याने जोडलं असेल."

"माझा भाऊ इंजेक्शननंतर तसाच बसतो," ती हळूच म्हणाली. "हे कुणी मनाने जोडत नाही, मॅडम."

मी धावतच दुरुस्तीच्या खोलीत गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, रुपेनी वरच्या मजल्यावर गेलाय, अक्कलदाढ काढून घ्यायला. आठवडाभर ठणकत होती.

गळक्या झडपेच्या माणसाची दाढ आधी औषध न देता काढली, तर तोंडातले जंतू रक्तातून थेट त्या झडपेवर जाऊन बसू शकतात. मग माणूस हातचा जाऊ शकतो. हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवते. जिना कसा चढले, आठवत नाही.

खुर्ची मागे कललेली होती, आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या हातात भूल भरलेली सुई होती. बाजूला त्याचा फॉर्म पडला होता. हृदयविकार? नाही. पूर्वीचे आजार? नाही. सगळीकडे नाही. मी त्यांना थांबवलं आणि पाच मिनिटं मागितली. ते बाहेर गेले.

"तौवू, आता माझी दाढही उचलून नेणार का?"

"आज मी तौवू नाही," मी म्हटलं. "शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंस?"



"सहा वर्षं झाली," तो छताकडे बघत म्हणाला. "एका मुलीच्या घरी कळलं होतं. तिच्या आईने मला पोटभर जेवायला वाढलं, फार मायेने, आणि मग म्हणाली, 'बाळा, आमची पोर विधवा होईल रे.' त्यानंतर मी ते कुठेच लिहिलं नाही."

"मग मला का…"

"तुला सांगायचंच होतं. पण थट्टेशिवाय बोलायची आपल्याला सवय कुठेय? म्हटलं, पेशंट होऊन सांगावं. तू हसलीस. म्हटलं, ठीक आहे… उत्तर मिळालं."

चौदा मुलांना ऐकायला शिकवणारी मी, आणि ज्याचं ऐकण्यासाठी आठवडाभर वाट बघायचे, त्याचंच ऐकलं नव्हतं. मी त्याची माफी मागितली. रडू आलं, तेही लपवलं नाही. मग गळ्यातला स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावला. ठोक्यामागून एक बारीक फुरफुर येत होती, आणि ठोके धावत सुटले होते.

"काय म्हणतंय?"

"घाबरलंय."

"ते आजारामुळे नाही," रुपेनी म्हणाला.

दाढ त्या दिवशी राहिली. ती पुढे निघाली, आधी औषध देऊन. सोमवारी मी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. झडप गळत होती, पण ऑपरेशन लागण्याइतकी नाही. दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन, बहुधा चाळिशीपर्यंत. परतताना बसमध्ये तो म्हणाला, आता तुला सगळं माहीत आहे, तू मोकळी आहेस. खोटं का सांगू, मला भीती वाटत होती. अशा आजारात पुढे काय काय होऊ शकतं, ते मला पाठ होतं. त्या मुलीच्या आईचा मला रागसुद्धा येईना. दोन रात्री मी जागी होते, आणि दोन्ही रात्री मला तो सोडून दुसरं काही सुचलं नाही.

बुधवारी वर्ग आटोपल्यावर आम्ही इंजेक्शनच्या खोलीत गेलो. तिथल्या सिस्टर वानी म्हणजे चांगल्या दणकट बाई. त्यांनी रजिस्टर उघडून नाव, गाव, वय लिहिलं. मग विचारलं, हा आला नाही तर फोन कुणाला करायचा?

रुपेनी म्हणाला, आई कोरोला, तिच्याकडे फोन नाही. तेवढं कोरंच ठेवा.

"माझा नंबर लिहा," मी म्हटलं.

"नातं?"

रुपेनीने तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी वात्रट बोलणार.

"होणारी बायको," मी म्हटलं.

सिस्टरांचं पेन थांबलं. रुपेनीने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं.

"थट्टा करतेयस," तो म्हणाला.

"नाही."

"तोरिका…" पहिल्यांदाच त्याने माझं नाव घेतलं. "तुझे वडील काय म्हणतील?"

"तुझ्या मामांना देवमाशाचा दात घेऊन मागणी घालायला पाठव, रीतीप्रमाणे. मग ते काय म्हणतात ते बघू. मी काय म्हणते, ते तू ऐकलंस."

सिस्टर वानींनी रजिस्टरात लिहिलं, त्याला पालथं पडायला सांगितलं आणि सुई भरली. एवढा आडदांड गडी, पण सुई बघून त्याचे खांदे ताठ झाले.

"धरून ठेव गं त्याला," त्या म्हणाल्या.

मी धरलं.