वेशीबाहेरचं पान

जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये कावळ्यांना तोटा नाही. तरी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या पानाला एकही शिवेना. सुनेत्राचा नवरा वेदांग हा कंपनीच्या कामाने बाहेरगावी, म्हणून सांगलीहून आलेले तिचे सासरे, शशिकांत, यांनीच सगळं केलं होतं. घरासमोर, जिथे एके काळी शहराचा तट होता, त्या हिरवळीवर पान मांडलं होतं. वाट पाहून कंटाळल्यावर त्यांनी शेजारी धर्मपिंड ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "ज्यांचं कोणी नाही, जे उपाशी गेले, त्यांनीही या."

शेजारच्या बाई सायकल थांबवून बघत होत्या. सुनेत्राने अर्थ सांगितला, तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं, पाचशे वर्षांपूर्वी धर्माच्या बंडात या शहराला वेढा पडला होता. धान्य संपत आलं तशी आतल्यांनी बायकापोरं वेशीबाहेर काढली. बाहेरच्या सैन्याने त्यांना पुढे सोडलं नाही. ती इथेच गवत खात मेली. मग शहर पडलं आणि आतलेही कापले गेले.

"आल्झो, म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "इथे आम्ही डबासुद्धा उघडत नाही."

"उपाशी माणसाला कसलं भ्यायचं?" सासरे हसले.

त्या दिवसापासून छोट्या कादंबरीला खाल्लेलं अंगी लागेना. सुनेत्राची ही गोबरी पोर आईच्या बरोबरीने भात खायची आणि वाळत चालली. डॉक्टरांना काही सापडेना. वेदांग फोनवरून धीर द्यायचा. धीराने काही पोट भरत नाही.

"पोट भरलं का गं?"

"नाइन," ती म्हणायची. पुढचंही जर्मनमध्येच. "आधी ते जेवतात."

एके दुपारी वेणी घालताना पोरीच्या मानेचे मणके हाताला लागले आणि सुनेत्राचा बांध फुटला. "बाबा, तुम्ही बोलावलंत. तुम्हीच त्यांना परत पाठवा."

सासरे उठले. भाताचं पातेलं उचलून हिरवळीवर गेले.

खिडकीतून ते वाढताना दिसत होते. समोर कोणी नव्हतं. गवत मात्र जागोजागी दबत होतं.

इकडे कादंबरीने चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"पोट भरलं," ती म्हणाली. मराठीत.

सुनेत्रा तिला कवटाळून रडली.

बेल वाजली.

कादंबरीने धावत जाऊन दाराला साखळी लावली. "आई, बाहेर गेलेल्याला आत घ्यायचं नसतं."

"सूनबाई, दार उघड गं," बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "फार भूक लागली आहे."

पोरीच्या गालावर लाली आली होती. सुनेत्रा ती पाहतच राहिली.

मग ती दाराशी गेली, आणि साखळी नीट बसली आहे ना, ते तिने पाहिलं.