पापडखाराची बरणी

ही हकीकत खरी आहे. खोटी असती तर मी जरा बरी रचली असती.

गाव एरंडोल. गेल्या वर्षीच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन असं, की भुताला बाहेर पडायचं तर डोक्याला रुमाल बांधावा लागला असता.

रुपचंद आबा घरात एकटे होते.

आबांनी चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसल्या. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, आबा शोभेच्या दारूला लागले. मागच्या खोलीत बसून भुईनळे भरायचे. विकायला नाही, हौसेखातर. त्यातही हिरव्या रंगाचं वेड. हिरवा रंग ज्यातून येतो ती बेरियमची पांढरी पूड म्हणजे विष, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विद्यार्थ्यांना ते कितीदा ओरडले असतील. स्वतःला ओरडायला मात्र कुणी नव्हतं.

पूर्वी होतं. बायको, भिकुबाई.

"हाई इख घरमा काब्र ठेवतस?" म्हणायच्या. हे विष घरात कशाला ठेवता?

आबा म्हणायचे, "तुला काय कळतं त्यातलं?"

त्या आखाजीच्या दोन वर्षं आधी, पोळ्याच्या आठवड्यात, भिकुबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर घरात आबांशी बोलणारा एक पंखा उरला, तोही लोडशेडिंग नसेल तेव्हा.

भिकुबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात बरण्या जागेवरून ओळखायच्या. फळीवर पहिली मेथीदाण्याची, दुसरी ओव्याची, तिसरी पापडखाराची. लेक हेमांगी लहानपणापासून हेच शिकलेली.

त्या उन्हाळ्यात आबांच्या पुडीला घट्ट झाकणाची बरणी हवी होती. तिसरी रिकामीच होती. आबांनी तीत पूड भरली आणि बरणी तिच्या जागी ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावलेला माणूस... स्वतःच्या बरणीला चिठ्ठी लावायची राहून गेली. एकट्याच्या घरात वाचणार कोण?

तर त्या सकाळी आबा मागच्या खोलीत बसले होते.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला...

पोळपाटावर लाटणं फिरल्याचा.

आबा उठून गेले. कुणी नाही.

पोळपाट भिंतीला टेकवलेला, त्यावर धूळ.

फक्त तिसरी बरणी फळीवर नव्हती. ती खाली, फरशीच्या मधोमध होती.

'मांजर असेल,' आबा मनाशी म्हणाले. दोन किलोची बरणी न फोडता उतरवणारं मांजर. त्यांनी बरणी परत वर ठेवली.

दहा मिनिटांनी पुन्हा लाटणं फिरलं...

या वेळी बरणी मागच्या दारापाशी होती.

तिसऱ्यांदा आवाज आला नाही. आबांनी मान वर केली, तर बरणी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर. झाकण त्यांच्याकडे कललेलं.

आबांना भीती वाटली नाही. राग आला.

"दोन वर्षं झाली जाऊन," ते रिकाम्या घराला म्हणाले. "अजून माझ्या हौसेवर डोळा? आलीच आहेस तर दोन शब्द बोल. बरण्या काय हलवतेस?"

आबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग बरणी उचलून पुन्हा फळीवर ठेवली. तिसऱ्या जागी.

साडेदहाला हेमांगी धुळ्याहून आखाजीला माहेरी आली. सोबत सहा वर्षांची मेघा. आल्या आल्या शेजारच्या सुगंधाबाईंनी आवाज दिला, "हेमा, पापड आजच करू बरं का. उद्या सण, मग मला फुरसत नाही." हेमांगीनं उडदाचं पीठ सोबतच आणलं होतं. आबांनी नातीला कुरवाळलं, ताक प्यायले आणि पडले. किती दिवसांनी घरात माणसांचे आवाज होते. झोप लागली.

जाग आली ती त्याच आवाजानं...

लाटणं फिरत होतं.

पण आता दोन. आणि हसणं.

आबा पडल्या पडल्या ऐकत राहिले. पापड. पीठ. खार...

खार!

धोतराचा सोगा सावरायची शुद्ध नव्हती. ओसरीवर हेमांगी आणि सुगंधाबाई लाटत होत्या. मेघानं पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडापाशी नेली होती. पापडाच्या दिवशी पोरं पापडासाठी थांबत नाहीत, लाट्याच खातात.

आबांनी तिच्या हातावर फटका मारला. लाटी उडून अंगणात पडली. पोरीनं भोकाड पसरलं.

"आबा! काय व्हयनं?" सुगंधाबाई.

"किती खाल्ल्यास? सांग, किती?"

"चार," मेघा रडत म्हणाली.

आबा हेमांगीकडे वळले.

"खार कुठला घेतला, हेमा?"

"सुगंधाकाकूंचा."

"फळीवरचा नाही?"

"तिसरी बरणी ना? ती रिकामी होती आबा. आतून धुऊन पुसलेली. मला वाटलं तुम्हीच..."

आबांनी बरणी आणून पाहिली. तळाला कणसुद्धा नव्हता. आत बोट फिरवलं. कोरडं.

किलोभर विष घरातून गेलं होतं. कुठं... ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आबांनी घरातलं मीठ, साखर, पीठ, सगळं टाकून नवं आणलं. हेमांगीला सांगितलं, किडे झालेत.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. तिचं पाणी मेलेल्याचं, जिवंत माणूस त्याला तोंड लावत नाही. आबांनी स्वतः नळाचं स्वच्छ पाणी भरलं. वर सांजोरी, आंबा ठेवला. भिकुबाईंचं नाव घेतलं.

दुपारी घागर हलवायला गेले आणि सहज आत डोकावले.

पाणी नितळ होतं.

तळाशी चार बोटं पांढरा थर.

आबा तो थर ओळखत होते.

त्यांनी तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही. घागर मागच्या खोलीत नेली, तोंडाला फडकं बांधलं, वर ताटली ठेवली. असलं पाणी झाडालाही घालता येत नाही. हेमांगी धुळ्याला परत गेली. भुईनळे बंद झाले. घर पुन्हा गप्प.

लाटण्याचा आवाज त्यानंतर कधीच आला नाही. आबा ऐकायला थांबतात, तरीही नाही.

फक्त एक आहे... घागरीतलं पाणी दर महिन्याला बोटभर कमी होतं. शेवटी त्यांनी मला हे सारं सांगितलं, तेव्हा मडकं झिरपतं, उन्हाळ्यात पाणी आटतं, असं मीही म्हणालो. मग त्यांनी मला खोलीत नेऊन दाखवलं. घागरीखालची माती कोरडी होती. फडक्याची गाठ जशीच्या तशी.

आणि पाण्याबरोबर तळाचा थरही उतरत चाललाय.

मी निघालो तेव्हा आबा घागरीपाशी उकिडवे बसले होते. मला वाटलं, माझ्याशी बोलताहेत.

"पुरे आता," ते म्हणत होते. "नको पिऊ गं. मी टाकतो ना कुठंतरी. नको पिऊ."