येण्याचं कारण

खिडकी उघडायला अजून पंधरा मिनिटं होती, आणि तो आधीच येऊन उभा होता. केसांतून पाणी ठिबकतंय, छत्रीचा पत्ता नाही, काखेत भलंमोठं खोकं… मिनासे नगरपालिकेच्या रहिवासी नोंदणीच्या खिडकीशी इतक्या सकाळी माणूस दिसणं हीच नवलाई. चिगुसाला त्याची दया आली. तिने काचेखालून एक फॉर्म पुढे सरकवला.

"गावात राहायला आलात ना? हा भरून ठेवा, तोवर उघडतेच."

त्याने फॉर्मकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि हसला.

"हा कुणाला हाताने भरावा लागू नये म्हणून तर मला पाठवलंय."

खोक्यात यंत्र होतं. ओळखपत्र ठेवलं की नाव, जन्मतारीख, पत्ता वाचून फॉर्म छापून देणारं. आणि हा कुवाबारा तोमोनारी ते बसवायला आलेला. चिगुसाचे कान तापले.

त्याने स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स यंत्रात ठेवलं. घर्रर्र… फॉर्म आला. पत्ता नागोयाचा. चिगुसाने लायसन्स उचलून उलटं केलं. मागे हाताने लिहिलेला नीगाताचा नवा पत्ता आणि पोलिसांचा शिक्का.

"घर बदललं की मागे लिहितात, कुवाबारा-सान. तुमच्या यंत्राला पाठ दिसत नाही वाटतं?"

तो डोकं खाजवायला लागला. "पंधरा दिवसांचं काम होतं हो. तुम्ही दोन महिन्यांचं केलंत."

"तक्रार करताय?"

"छे… आभार मानतोय."

मग रोज सकाळी तेच सुरू झालं. तो यायचा, लायसन्स ठेवायचा, आणि 'नवा पत्ता' या रकान्यात मनाला येईल ते टाकायचा. चिगुसा फॉर्मवर 'चाचणी' असा लाल शिक्का मारायची आणि कागद कापायच्या यंत्रात सोडून द्यायची. नियम म्हणजे नियम.

"आज कुठे राहायला आलात?"

"दीपगृहात."

"वारा फार तिथे. चार दिवसांत पळाल."

"मग देवळामागच्या पर्सिमनच्या झाडावर?"

"तिथे कावळे राहतात. त्यांची नोंदणी आधीची आहे."

एकच रकाना यंत्र भरत नसे. 'येण्याचं कारण' तोंडी विचारून हाताने लिहायचं असे. नोकरी, लग्न, शिक्षण, इतर… चिगुसा गंभीर चेहऱ्याने विचारायची आणि तो तितक्याच गंभीरपणे म्हणायचा, "चाचणी."

शेजारच्या टेबलावरच्या इवामोतो बाई चहाचा कप तोंडाला लावून सगळं ऐकत असत. "चिगुसा-चान," एकदा त्या म्हणाल्या, "अगं, इतक्या चाचण्या तर रॉकेटच्यासुद्धा करत नाहीत!"

चिगुसा हसली खरी, पण मनातून तिला धास्ती होती. मिनासेत माणसं यायची कमी, जायची फार. तिच्या वर्गातल्या बावीस जणांचे गाव सोडण्याचे कागद तिनेच याच खिडकीवर केले होते. प्रत्येकाला 'सांभाळून जा' म्हणाली होती. आता यंत्र लायसन्सची पाठ वाचायला शिकत होतं. ते शिकलं की हाही जाणार. कधी नव्हे ते तिला वाटायला लागलं, चुकू दे ना मेल्या यंत्राला अजून थोडं…

पण यंत्र काही चुकेना. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्राने मागचा नीगाताचा पत्ता अचूक वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिगुसानेही वाजवल्या, आणि फायली आणायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसून आली.

अठ्ठावीस तारीख. वर्षातला कामाचा शेवटचा दिवस. बाहेर बर्फ भुरभुरत होता. तोमोनारी नेहमीसारखा आला, पण आज खांद्यावरचा बर्फही न झटकता थेट यंत्राशी गेला. घर्रर्र… फॉर्म आला. चिगुसाने वाचलाही नाही. डोळे भरून येतील या भीतीने खाली मान घालून धाडकन लाल शिक्का मारला.

"अहो, थांबा—" तो कळवळला. "खरा होता तो!"

तिने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. नवा पत्ता : हामामाची, टोफूच्या दुकानावरची खोली. तिच्या घरापासून तिसरं दार. तिथे 'खोली भाड्याने' अशी पाटी होती… काल संध्याकाळी मात्र दिसली नव्हती.

"ती पाटी…"

"मी काढली." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून समोर ठेवला. नीगातातलं राहणं सोडल्याचा तिथल्या नगरपालिकेचा दाखला. शिक्क्यासकट, सहीसकट. "या भागातल्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे आलीय. आली म्हणजे… मागून घेतली."

चिगुसाने शिक्का मारलेला फॉर्म बाजूला ठेवला आणि दुसरा छापला. रीत म्हणून विचारायलाच हवं होतं.

"येण्याचं कारण?"

"इतर."

"इतर म्हणजे काय, ते लिहावं लागतं."

"मग लिहा…" त्याचा आवाज एकदम खाली आला. "नोगामी चिगुसा. मला तुम्ही आवडता. दीपगृहाचा पत्ता टाकला त्या दिवसापासून."

इवामोतो बाईंचा कप हवेतच थांबला. चिगुसाने पेन उचललं, एक अक्षर लिहिलं, थांबली.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर… तरी राहीन. टोफू चांगला मिळतो."

ती खळखळून हसली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलंच. तिने स्वतःचं नाव पुरं लिहिलं. इतक्या वर्षांत ते तिने पहिल्यांदाच काचेपलीकडच्या कुणाच्या तरी फॉर्मवर लिहिलं होतं.

"दुकानाची सोयाबीन दळायची चक्की पहाटे पाचला सुरू होते. झोपमोड होईल तुमची," ती म्हणाली. "उठलात की तिसऱ्या दाराशी या. माझ्याकडे नाश्ता लवकर होतो."