केसरचा राग

मोटारीखालून फक्त दोन पाय दिसत होते. केसरने त्या पायांनाच सुनावलं, "माझा बा चोर न्हाय. शेठला जाऊन सांगा तुमच्या."

पाय हलले... आणि तेलाने माखलेला एक तरुण सरपटत बाहेर आला.

"सांगतो. पण मी शेठचा माणूस नाही. इंजिन बघायला मुंबईहून आलोय — मेकॅनिक, रामचंद्र."

केसर ओशाळली, पण राग काही ओसरला नाही. १९३४ साल होतं. तिचा बाप शिवदास हा शेठची अलिबाग-रेवस मोटार चालवायचा. वाटेत इंजिन जाम झालं, आणि शेठने नाक्यावर चारचौघांत म्हटलं, याने इंजिनातलं तेल विकून खाल्लं. तेव्हापासून शिवदास नागावच्या घराबाहेर पडला नव्हता.

"तुमी बी त्यांचीच री ओढणार."

"आधी बघू तरी द्या. थांबता?"

ती थांबली. इंजिनाचा दांडा ज्यांत फिरतो ती बेअरिंगं त्याने सोडवली, पुसून फळीवर मांडली आणि तिला त्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. तीन गुळगुळीत. चौथ्यावर मात्र खोल चरे. बोट कापेल म्हणून त्याने पटकन तिचा हात धरला — आणि सोडायला जरा उशीरच केला. तिने डोळे वटारले. तो खाली बघून हसला.

मग त्याने मायक्रोमीटर लावून दांडा मोजला. चौथ्या जागी तो झिजून लंबगोल झालेला. बाकी सगळीकडे गोल. तेलच नसतं तर चारही बेअरिंगं जळली असती, त्याने समजावलं. चौथ्याच्या तेलाच्या भोकात तार घातली, तर चिंधीचा बोळा निघाला. मागची दुरुस्ती शेठच्या मेहुण्याने केली होती.

शेठने रामचंद्रला गप्प बसायला बजावलं. तरी त्याने संध्याकाळी नाक्यावर जाऊन ते बेअरिंग आणि तो बोळा सगळ्यांना दाखवला. लोकांनी शेठला तिथेच अडवलं, तेव्हा त्याला शिवदासची माफी मागून त्याला पुन्हा कामावर घ्यावं लागलं. पण इंजिन चालू होताच त्याने रामचंद्रला चालतं केलं.

हे कळताच केसर बापाच्या मोटारीतून रेवसला आली. रामचंद्र ट्रंक घेऊन आगबोटीच्या फळीपाशी उभा होता.

"आमची अब्रू राखलीत, आन मला न सांगता निघालात?"

"पण 'थांबा' असं... तुम्ही कुठे म्हणालात?"

"त्ये बी मीच म्हणायचं?"

वाऱ्याने तिचा पदर उडत होता. तो बघतच राहिला.

"फार रागावलात?"

"व्हय."

"मग राग जाईपर्यंत राहतो."

"त्यो जायचा न्हाय," केसर म्हणाली, आणि लाजून समुद्राकडे वळली.

आगबोट रामचंद्रला न घेताच सुटली.