यादीत घालायचं नाव

"तिचं नाव यादीत घालू की नको, एवढंच सांगा," शिंपीणबाई म्हणाल्या.

त्यांची चाकाची खुर्ची दाराच्या तीन पायऱ्या चढवून आत घेताना कंपाउंडरच्या कमरेत उसण भरली होती. तो कमरेवर हात ठेवून खिडकीशी उभा होता. औषधांच्या दुकानातली नोकरी संपल्यापासून त्याला दोनच उद्योग राहिले होते, पेपर वाचणं आणि वहिनींच्या मागे मागे फिरणं. वहिनींनी विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे पकडले होते. आता लोक घरी येऊन त्यांना शोध घ्यायला सांगत.

"कसली यादी?" वहिनींनी विचारलं.

"घरच्यांनी किंवा सांभाळणाऱ्यांनी मारलेल्या अपंगांची. दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही ती नावं वाचतो. पेपरात त्यांची नावं येत नाहीत हो. 'अपंग मुलगी', 'मंदबुद्धी मुलगा', एवढंच छापतात. मारणाऱ्याचं मात्र नाव येतं, आणि त्याने किती सोसलं तेही. यंदा सतरा नावं आहेत. अठरावं माझ्या मैत्रिणीचं असावं असा मला संशय आहे. पण नुसत्या संशयावरून कुणाला खुनी ठरवायचं नाही मला. आणि खरं असेल तर तिला वगळायचंही नाही. वाचन रविवारी आहे."

"परवा तळ्यात खुर्ची गेली, तीच ना?" कंपाउंडर मध्येच बोलला. "सुटली बिचारी, असं म्हणतात सगळे."

"कशातून सुटली? तिच्याकडे छापखान्याची दोनशे पानं तपासायची पडली होती. तोंडात पेन्सिल धरून प्रुफं बघायची ती. एक तारखेला माझ्याकडे राहायला येणार होती, तिला सांभाळणाऱ्या आयेला बरोबर घेऊन."

कंपाउंडरने जीभ चावली.

हकीकत थोडक्यात अशी. घरात तिघं: थोरली बहीण, तिचा नवरा आणि ही धाकटी, वय एकतीस. लहानपणीच्या तापात तिचे हातपाय गेले होते. त्या सकाळी आयेने तिला अंगणात उन्हात बसवलं आणि साडेदहाला कपडे घेऊन ती इस्त्रीवाल्याकडे गेली. सव्वाअकराला खुर्ची उतारावरून तळ्यात गेली. ब्रेक उघडे सापडले. आयेचा हलगर्जीपणा, असं म्हणून पोलिसांनी तिला धरून नेलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची चिठ्ठी कंपाउंडरने ओळखीने मिळवली. "फुप्फुसांत पाणी. कपाळाला खरचटलेलं. अंगावर लोकरी शाल, गळ्यात साखळी, दोन्ही कानांत व्हॅसलीन लावलेले कापसाचे बोळे," त्याने वाचलं. "थंडीच तशी आहे. मीही घातलाय कापूस."

वहिनी काहीतरी बोलल्या.

"अं?" कंपाउंडरने कानातला बोळा काढला. "काय म्हणालात?"

"चौकीवर चला म्हटलं."

आया चौकीतल्या बाकावर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण जीभ शाबूत होती. "ब्रेक मी लावले होते. दोन्ही! दीड वर्षं ती खुर्ची ढकलतेय मी. गाढवाला तरी कळेल, उतारावर ब्रेक लावायचा ते."

"इस्त्रीवाल्याकडे किती वेळ होतीस?"

"साडेअकरापर्यंत. त्याचे कोळसे पेटेनात. विचारा त्याला."

"आंघोळ कोण घालायचं?"

"मी आल्यापासून मीच. तिच्या एका कानाच्या पडद्याला भोक होतं. पाणी गेलं की ठणका लागायचा. ताई कापूस घालायच्या, त्यावर ही चिडायची. बोळे काढेपर्यंत रेडिओ ऐकू येत नाही ना! म्हणून मी रबरी टोपी आणली. आंघोळ झाली की टोपी काढली, संपलं."

इस्त्रीवाल्याने साडेअकराचं खरं असल्याचं सांगितलं, वर ओल्या कोळशांना चार शिव्याही हासडल्या.

थोरलीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावूनच तो बोलला. "मी नऊपासून दुकानात. समोरच्या न्हाव्याला विचारा, दिवसभर तो माझ्याकडेच बघत असतो."

"धाकटीच्या कानाला काय झालं होतं?"

"कानाला? पायांना म्हणायचंय का तुम्हाला?"

"सोळा वर्षं एका घरात राहत होतात ना?"

"बायकांचं बायका बघायच्या," तो म्हणाला आणि पुन्हा घड्याळात डोकावला.

घरी थोरली धाकटीचे कपडे घड्या घालून पेटीत ठेवत होती. घड्या अशा की कागद कापावा. "आई गेली तेव्हा ही अकरा वर्षांची," ती म्हणाली. "तेव्हापासून हिचं सगळं मीच केलं."

"त्या सकाळी काय झालं?"

"अकराला रेडिओवर श्रुतिका लागली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, ताई, आवाज कमी कर, कानठळ्या बसतात. मी कमी केला आणि आत भाजी चिरायला गेले. धप्पकन आवाज आला. धावले, तर…" तिने पदर तोंडाला लावला.

"घरात आणखी कोण होतं?"

"कोण असणार? मी एकटीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना त्या अंगणातच बोलावलं. फौजदार आयेला घेऊन आले. शिंपीणबाईंची खुर्ची कंपाउंडरने उतारावर आडवी लावली आणि ब्रेक दोनदा तपासले.

"भाऊजी, कापसाला व्हॅसलीन कधी लावतात?" वहिनींनी विचारलं.

"कानात पाणी जाऊ नये म्हणून. मी शेकडो बोळे करून दिलेत." कंपाउंडर थांबला. "थंडीसाठी कोरडाच घालतात. अरेच्चा!"

"उन्हात रेडिओ ऐकत बसलेल्या बाईच्या कानात असे बोळे कशाला? ते असले की रेडिओ ऐकू येत नाही म्हणून ती चिडायची. आणि अकरा वाजता तिचे कान मोकळे होते, हे थोरलीनेच सांगितलं. बोळे घातलेल्या माणसाला कानठळ्या बसत नाहीत. म्हणजे बोळे अकरानंतर घातले. ती आता पाण्यात जाणार, हे ज्याला ठाऊक होतं त्याने. आया तेव्हा इस्त्रीवाल्याकडे होती, आणि ती कापूस वापरतच नाही. मेहुणे दुकानातच होते, न्हाव्याने तसं सांगितलं, आणि त्यांना कानाचं दुखणंच माहीत नाही. घरात उरलं कोण?"

थोरली आपल्या हातांकडे बघत होती. "पाण्याआधी कापूस," ती म्हणाली. "वीस वर्षांची सवय. हात आपोआप गेले. तिचा कान फार दुखायचा हो."

फौजदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती जाते म्हणाली," थोरली पुढे म्हणाली. "माझं सगळं आयुष्य तिच्यात गेलं, आणि ती जाते म्हणाली. परक्याच्या घरी महिनाभरात मेली असती."

"मग महिनाभर तरी जगू द्यायचं होतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

"तिने फार केलं हो तिचं," घड्याळवाला पुटपुटला. "लोकांना विचारा."

"केलंच," वहिनी म्हणाल्या. "त्याने तिचा जीव ताईच्या मालकीचा होत नाही."

रविवारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. शिंपीणबाई एकेक नाव वाचत होत्या आणि प्रत्येकापुढे एक ओळ. कोण कसं मेलं, ते त्यात नव्हतं. एकाला मांजरं आवडायची. एकीला सगळ्या बसचे नंबर पाठ होते.

अठराव्या नावापुढची ओळ आयेने सांगितली होती. शिंपीणबाईंनी धाकटीचं नाव आणि आडनाव सावकाश वाचलं, मग ओळ. "पत्ते तोंडाने खेळायची. हमखास लबाडी करायची, आणि पकडली गेली की पान दातांत असं धरायची की सोडवता येऊ नये."

कंपाउंडरला कळेना, अशा ठिकाणी हसावं की नाही. शेजारी बसलेली आया खो खो हसली, मागची दोघं हसली, आणि मग तोही हसला.