दवाखान्याची कापडी पडवी

दुकानात आधी कापड शिरलं, माणूस मागाहून.

हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो गठ्ठा एवढा मोठा होता, की उचलणाऱ्याचे फक्त पाय दिसत होते. रुख्मा जमिनीवर मांडी घालून दाभणाने ताडपत्री शिवत बसली होती. ते पाय सरळ तिच्या दोऱ्यावर येऊन पडले.

"दोरा!" ती ओरडली.

"कोठी?" गठ्ठ्यामागून आवाज आला.

"तुमच्या पायाखाली. अजून कोठी!"

पाय झटकन उचलला गेला, तोल सुटला, आणि कापडासकट तो माणूस रुख्माच्या पुढ्यात येऊन बसला. कापडातून आधी विस्कटलेले केस निघाले, मग दोन हसरे डोळे. ते डोळे तिच्याकडे बघतच राहिले.

"बसा मनलं नाई, तरी बसले," रुख्मा म्हणाली.

"मनलं असतं तं पडलो नसतो," तो म्हणाला.

रुख्माने मान खाली घातली. पण दाभण चुकीच्या जागी घुसली, ती घुसलीच.

गोंदियाच्या स्टेशनामागच्या गल्लीत पुनारामचं हे दुकान होतं. भातगिरण्यांना लागणाऱ्या ताडपत्र्या आणि रेंग्यांची, म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्यांची, छपरं तिथे शिवून मिळत. पुनारामचे डोळे अधू झाले तसं बारीक काम लेकीकडे आलं, आणि रुख्माचा टाका बापापेक्षा सरळ आहे असं गिरणीवाले बोलू लागले. आलेला तरुण खुशाल. एका भातगिरणीत फिटर होता. त्याचं घर खेड्यात, गावोगावी तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातलं.

"हे काय आणलं गा?" पुनारामने कापड चाचपलं.

"पडवी हाय, काका. दवाखान्याची."

आता कापडाची पडवी म्हणजे काय, ते आधी समजून घ्यायला हवं. देश स्वतंत्र झाला तेव्हा एक इंग्रज साहेब आपलं चाकांवरचं घर इथेच टाकून गेला. मोटारीमागे जोडून न्यायचं घर, आत पलंग, खिडकीला पडदे. सात-आठ वर्षांनी एका धर्मादाय मंडळाने ते घेतलं आणि त्याचा फिरता दवाखाना केला. त्या घराच्या कडेला वर एक लांब पोकळ रूळ होता आणि रुळाच्या पोटात स्प्रिंग. कापड ओढलं की ते उलगडत बाहेर यायचं, दोन लोखंडी हात त्याला उचलून धरायचे, आणि खटका पडला की ते तिथंच थांबायचं. खटका सोडला, की स्प्रिंग कापडाला पुन्हा गुंडाळून घ्यायची. पण आता कापड कुजलं होतं, स्प्रिंग तुटली होती, एक हात मोडला होता आणि खटका कुठे पडला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोगी उन्हात उभे राहत होते.

"नवं कापड मी शिवून देईन," रुख्मा म्हणाली. "पण हे लोखंडाचे भाग मिळतेत कोठी?"

"इंग्लंडात."

"मंग जा."

"मधात समुद्र हाय. मले पाण्याचा भेव वाटते."

"तलाववाल्याच्या पोराले?"

खुशाल मोठ्याने हसला. "साहेबाचा असाच दुसरा डबा सालेकशाकडे पडून हाय मनते. धुरपताबाई नावाची म्हातारी त्याच्यात कोंबड्या पाळते. रविवारी जाऊन पाहतो."

सोमवारी तो आला, तो हातात खटका घेऊन.

"मिळाला?"

"मिळाला. कोंबडी बसली होती त्याच्यावर. उठेच ना! म्हातारी मने, तिची अंडी निघेपर्यंत थांब."

"मंग थांबले?"

"कोंबडीले इनंती केली."

रुख्माला हसू आवरेना. पुढे तो एक दिवस स्प्रिंग घेऊन आला, एक दिवस लोखंडी हात, एक दिवस रुळाचं टोपण. दर वेळी म्हणायचा, कापडाशी माप जुळवून पाहायचं आहे. टोपणाचं आणि कापडाचं कसलं माप जुळवायचं, हे रुख्माने विचारलं नाही. तो यायच्या वेळेला ती केस नीट करून बसायची, एवढंच.

आणि मग त्याच्या बोलण्यात 'बाई' आली.

"बाई मनते, पट्टे हिरवेच पायजे. बाई मनते, झालर नोको, धूळ बसते."

"कोण बाई?"

"सुलोचनाबाई. नर्स हायेत दवाखान्यात. नागपूरच्या. चहात आलं टाकतेत, एकदम बढिया."

"म्हंजे चहा पेता तिथं?"

"देतेत तं नाई कसं मनू?"

रुख्माने दोरा दातांनी तोडला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा जाणवलं, की खुशालच्या सदऱ्याला फिनाईलचा वास येतो. आधी येत नव्हता का? की तिचं नाक आता जागं झालं होतं?

दोन-चार दिवसांनी बाई स्वतःच आल्या. सायकलवर! पांढरी कोरी साडी, मनगटावर घड्याळ. साऱ्या गल्लीने माना वळवल्या. कापड पाहून त्या म्हणाल्या, "किती सुबक शिवतेस गं." रुख्मा नुसती हुंकारली. मग बाईंनी खुशालकडे पाहिलं, हसल्या... आणि त्याच्या खांद्यावर अडकलेलं कोंबडीचं पीस दोन बोटांनी हळूच उचलून फुंकून दिलं.

पीस तरंगत तरंगत रुख्माच्या मांडीवर येऊन बसलं.

तिथून पुढे तिला अन्न गोड लागेना. 'तिचं घड्याळ, तिची सायकल, तिचं आलं घातलेलं पाणी! आणि मी? मी त्यांच्या सावलीचं कापड शिवणारी.' हेवा मोठा चलाख असतो. तो माणसाला आधी रडवत नाही, आधी युक्त्या सुचवतो. दुसऱ्या दिवशी खुशाल आला तेव्हा रुख्मा अगदी गोड आवाजात म्हणाली,

"बाईचं टेबल पडवीत कोठी राहते?"

"बराबर मधात. कायले?"

"काई नाई. सावली बराबर पडली पायजे ना."

"बाईची लय काळजी करून राहिली तू!"

"तुमच्याहून कमीच."

पुनारामने लेकीला लहानपणी पहिला धडा दिला होता तो हा, की छपराचं कापड ताणूनच शिवायचं. ढील राहिली की पाणी वाहून जात नाही, तिथंच बसतं, पोट धरतं. रुख्माने बरोबर मधल्या पट्टीला चार बोटं ढील ठेवली. टाकेही तिथं लांब-लांब घेतले. बापाला ते दिसायचं नव्हतं. कधी ना कधी पाऊस येईल आणि ती कोरी साडी... एकदा तिचा हात थांबला. मग ते पीस डोळ्यांपुढे आलं, आणि हात चालू झाला.

दिवाळी सरली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. "नवं लुगडं घाल," पुनाराम म्हणाला, "सालेकशाच्या मंडईले जाऊ."

"नवं कायले?"

"घाल मनलं ना!" एवढं बोलून तो दुसरीकडे बघू लागला.

मंडईत दंडारीच्या नाचाची ढोलकी वाजत होती, शिंगाड्यांचे ढीग लागले होते, आणि मैदानाच्या कडेला चाकांचं घर उभं होतं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची पडवी उघडून बसलेलं. बाया पोरं कडेवर घेऊन औषधाला आल्या होत्या. खुशाल घराच्या दाराला टेकून होता. रुख्माला पाहताच तो सरळ झाला, आणि उगाचच खटका तपासू लागला.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. कापलेलं धान अजून शेतात पुंजण्यात, उघड्या ढिगांत होतं, लोक "अरे देवा" म्हणत वर बघू लागले, आणि टपटप थेंब पडायला लागले. रुख्माची नजर पडवीच्या मधोमध गेली. पण टेबलाशी बाई नव्हत्या. त्यांच्या खुर्चीवर एक जाडजूड म्हातारी ऐसपैस बसली होती.

बाई रुख्माच्याच शेजारी, पडवीच्या कडेला उभ्या होत्या.

"तू आलीस ते बरं झालं," त्या हसून म्हणाल्या. "तुला एक विचारायचंय. हे सगळे भाग खुशालने एकाच रविवारी आणले होते. दवाखान्यात पोतं ओतलं माझ्यासमोर. मग तो रोज एकेक भाग घेऊन कुठं जायचा गं?"

रुख्माच्या डोळ्यांपुढून खटका, स्प्रिंग, टोपण एकेक करून गेलं.

"इथं आला की तुझंच पुराण. रुख्माचा टाका असा, रुख्मा अशी बोलली. मी चहा देते तो त्याची टकळी जरा थांबावी म्हणून! बरं, नीट उभी राहा आता. खुर्चीवर बसलीय ना, ती देवकाबाई, त्याची आई. तुला पाहायला आलीय."

मंडईत मुलीला दुरूनच पाहून घ्यायची पद्धत जुनीच. पण रुख्माचं लक्ष आता कुठे होतं? पाऊस जोरात धरला होता आणि पडवीच्या कापडाला पोट आलं होतं. भरल्या घागरीसारखं ते खाली येत होतं, देवकाबाईच्या डोक्याच्या वीतभर वर.

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. म्हणाले असते, कापड आहे, फाटतं कधी तरी. ओरडली तर सगळं उघडं पडणार होतं. आई उठून गेली, की खुशालही गेलाच.

रुख्मा धावली.

"उठा! मावशी, उठा!" तिने म्हातारीचा दंड धरून तिला खुर्चीवरून ओढलं. "व माय, हात उपटतेस का!" म्हणत देवकाबाई बाजूला झाली, आणि वर टर्रकन आवाज झाला. सगळं पाणी रुख्माच्या डोक्यावर कोसळलं. नवं लुगडं अंगाला चिकटलं, वेणीतून धारा लागल्या.



देवकाबाईने कमरेवर हात ठेवले. "तुले कसं समजलं व, फाटनार हाय मनून?"

"मीच..." रुख्माने वळून पाहिलं. पुनाराम मागे येऊन उभा राहिला होता. "मीच ढील ठेवली होती. जाणून. टाके लांब घेतले."

"काऊन?"

"बाईच्या अंगावर पाणी पडावं मनून."

सुलोचनाबाईंनी तोंडावर हात घेतला. देवकाबाई म्हणाली, "त्या बिचारीनं तुयं काय केलं?"

"काई नाई केलं. मीच जळून राहिली होती. हे... हे रोज बाईचंच नाव घेत. मले वाटलं, हे त्यांचेच." आणि मग, जे कधीच बोलणार नव्हती ते ती बोलून गेली, "मले हे पायजे होते."

खुशाल दार सोडून पुढे आला. कान लाल झाले होते. "माय, ती चुकली, पण मीबी चुकलो. बाईचं नाव मी मुद्दाम घेत होतो. ते घेतलं का हिचा दोरा टनकन तुटे. मले मजा वाटे."

"मजा?" रुख्मा भिजल्या डोळ्यांनी त्याच्यावर धावली. "मी जेवली नाई होती!"

"मंग सांगाचं होतं ना!"

"तुमी सांगतलं?"

"गप बसा दोघं!" देवकाबाई ओरडली. मग तिने रुख्माकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आपल्या पदराने तिचं तोंड खसाखसा पुसलं आणि पुनारामला म्हणाली, "दादा, मी पोरगी दुरून पाहाले आली होती. दुरून काय दिसते? आता जवळून पाहिली. पाप करते, पन कबूलबी करते. पन पोरी, एक ऐक. पोटात साचू देनारी सून मले नोको. पुन्हा जळली तं काय करशीन?"

"सांगीन," रुख्मा म्हणाली.

"तोंडावर?"

"तोंडावर."

देवकाबाईने मान हलवली आणि शेजारच्या बाईला शिंगाडे आणायला पिटाळलं. सोयरीक ठरली की तोंड गोड करायला हवं, आणि गोड नसेल तर शिंगाडे तरी हवेत, असं तिचं म्हणणं पडलं. रुख्माने सुलोचनाबाईंपुढे जाऊन खाली मान घातली. बाईंनी तिची हनुवटी वर केली. "इतकी किंमत मला कुणी अजून दिली नव्हती गं," त्या म्हणाल्या. बोलताना हसत होत्या, पण खुशालकडे त्यांनी बघितलं नाही.

पाऊस आला तसाच निघून गेला. धान फारसं भिजलं नाही म्हणून लोकांनी पुन्हा जिलेबीच्या दुकानापुढे गर्दी केली. पडवीखाली चिखल झाला होता. औषधांच्या पेट्या हलवायला हव्या होत्या.

"खुशाल," बाईंनी दारातून हाक मारली, "जरा हात लावता का?"

"आलोच, बाई."

तो दोन पावलं गेला असेल...

"ऐका ना," रुख्मा मागून म्हणाली.

"काय व?"

तिने ओल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. देवकाबाई शिंगाडा सोलता सोलता कान देऊन बसली होती.

"जळली," रुख्मा म्हणाली. "थोडीशी."

खुशालने तिच्याकडे पाहिलं. आता त्याच्या डोळ्यांत मजा नव्हती, दुसरंच काही होतं, मऊ आणि गंभीर. त्याने हात पुढे केला.

"पेटी जड हाय," तो म्हणाला. "एका बाजूनं तू धर."