कानसेनचा कंदील

मास्तर हा काही शाळेतला मास्तर नव्हे. जन्मात त्यानं कुणाला पाढा शिकवला नसेल. पण तलवारबाजीचे अवघड व्हिडिओ गेम कसे खेळावेत, कुठला घ्यावा आणि कुठल्याच्या वाटेलाही जाऊ नये, हे तो आपल्या चॅनेलवर असं काही ठासून सांगे की बघणाऱ्यांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं, आणि ते चिकटलं. घरात मात्र तो नुसता दादा. दादा म्हणणारी एकच, धाकटी बहीण चिमणी.

सध्या दोघांच्या डोक्यावर एक तुलना होती. दोन गेम, दोन्ही सामुराईंचे, दोन्ही महाकठीण. खरी नावं लांबलचक, उच्चारताना जीभ गुंडाळणारी, म्हणून चिमणीनं त्यांचं बारसं केलं होतं. एक खडूस आणि दुसरी कजाग. खडूसमध्ये एकच तलवार. शत्रूचा वार येतो त्या नेमक्या क्षणी ती आडवी घातलीत तर वाचलात, नाहीतर आटोपलं. कजागमध्ये हत्यारं ढीगभर, डावपेच त्याहून जास्त, आणि तरीही मरण ठरलेलं.

"खडूस मारतो तेव्हा चूक आपली असते," मास्तर एका व्हिडिओत म्हणाला होता. "कजाग मारते तेव्हाही चूक आपलीच असते, वर अपमान होतो तो वेगळा."

आता दोन्हींचे जादा भाग समोरासमोर ठेवायचे होते. मूळ गेम विकून झाला की कंपनी आणखी एक मुलूख आणि चार नवे शत्रू जोडून विकते, तो भाग. लोक त्याला डीएलसी म्हणतात. खडूसचा जुना होता, त्यावर सगळं काम झालं होतं. कजागचा अजून बाजारात यायचा होता. समीक्षकांना आगाऊ पाठवतात तशी प्रत मास्तरला आली आणि स्वारी हरखून गेली.

कामाची खोली म्हणजे खुराडं. एका भिंतीवर हा भला मोठा टीव्ही, त्याच्यासमोर मास्तरची खुर्ची. त्या खुर्चीला पाठ लावून चिमणीची खुर्ची, आणि तिच्यापुढे तिचं टेबल, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. तो टीव्हीकडे बघणार आणि ती भिंतीकडे. ही बसायची तऱ्हा काही हौसेची नव्हती. लखलखता, उघडझाप करणारा प्रकाश डोळ्यांवर आला की चिमणीला फीट यायची. मागची फीट इतकी वाईट होती की तिचा श्वास थांबला होता. "अशी पुन्हा आली तर मी खात्री देणार नाही," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून आई फोनवर एकच वाक्य म्हणायची, "विस्तवाशी खेळताय तुम्ही दोघं."

पण चिमणी ऐकते थोडीच! तिनं गेम डोळ्यांनी कधी पाहिलेच नाहीत, कानांनी पाहिले. हेडफोन घालून ती मास्तरनं खेळलेलं ऐकत बसे आणि नुसत्या आवाजावरून सांगे, ही तलवार हलकी आहे, हा शत्रू डावरा आहे, इथल्या चिखलावर मेहनत घेतलेली नाही. तिचं म्हणणं कधी चुकायचं नाही. मास्तरच्या नावावर खपणारी निम्मी हुशारी तिची होती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. गेम खेळायचं नवं यंत्र घेतलं तेव्हा त्यानं तिच्यासाठीही एक खातं उघडून ठेवलं होतं, गंमत म्हणून. "तानसेन होणं तुझ्या नशिबी नाही, कानसेन तर आहेस," असं म्हणून खात्याला नाव दिलं, कानसेन. ते तिनं कधी उघडलंही नाही.

एक नियम मात्र दोघं डोळ्यांत तेल घालून पाळत. टीव्ही चालू असताना मास्तरनं तिला हाक मारायची नाही. हाक आली की माणूस वळतंच, त्याला काही इलाज नाही. काही सांगायचं असलं तर तो टाच मागे नेऊन तिच्या खुर्चीला दोन टोले द्यायचा. मग ती हेडफोन काढून टेबलावर ठेवायची आणि भिंतीकडे बघतच म्हणायची, "बोल."

कजागच्या जादा भागाला सुरुवात झाली ती एका उन्हाच्या दुपारी. मास्तरनं पडदे ओढले. नवा मुलूख म्हणजे डोंगरावरचं एक ओसाड गाव होतं, आणि गावाच्या टोकाला कागदी सरकत्या दारांचा वाडा. वाड्यात पाऊल टाकलं मात्र, बाहेर वीज कडाडायला लागली. कागदी दारं क्षणात पांढरी, क्षणात काळी. मास्तरनं टाच मारली.

"बोल."

"हा भाग तुझ्यासाठी जहर आहे. चुकूनसुद्धा वळू नकोस."

"मी कधी वळले रे?"

"नाही गं, आपलं सांगून ठेवलं."

"आईचा आत्मा शिरलाय तुझ्यात," म्हणत तिनं हेडफोन पुन्हा चढवले.

कजागची एक खोड होती. जगात कुठेही कुणी खेळताना मेलं की त्या जागी एक छोटा दगडी कंदील लागायचा आणि तो बाकी सगळ्यांच्या खेळात दिसायचा. खाली मेलेल्याचं नाव. कंदिलाला हात लावला की निळसर सावली उठायची आणि त्या माणसाचे शेवटचे क्षण करून दाखवायची. पुढे कोण दबा धरून बसलंय, ते त्यावरून कळायचं. पण प्रत सगळ्यात आधी मास्तरला आली होती, हा भाग अजून दुसऱ्या कुणाच्या हाती पडला नव्हता. अख्ख्या गावात एकही कंदील पेटलेला नव्हता, आणि मास्तरला तो काळोख आवडला होता.

वाड्याच्या शेवटच्या दालनाबाहेर एक कंदील पेटलेला होता.

त्यानं जवळ जाऊन नाव वाचलं. कानसेन.

आधी त्याला हसू आलं. त्यानं कंदिलाला हात लावला. एरवी सावल्या काय धडपडतात! लोळतात, उड्या मारतात, तलवारी फिरवतात आणि मग मरतात. ही सावली त्याच्याकडे पाठ करून नुसती बसली होती. तिनं दोन्ही हात कानांशी नेले, खाली घेतले, थोडी थांबली. मग एकदम मागे वळली आणि कोसळली. जवळपास शत्रू नव्हता.

दोन टोले.

"बोल."

"माझ्यामागे तू गुपचूप खेळलीस का गं हे?"

"हो, डोळ्यांना पट्टी बांधून!"

त्यानं कंदिलाचं सांगितलं. चिमणी खो खो हसली. "अगं बाई, मी मेले आणि मलाच पत्ता नाही!"

मास्तरही हसला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. खातं त्याच यंत्रावरचं. अपुऱ्या भागात असले घोटाळे असतातच. रिकाम्या जागी यंत्रानं हाताशी असलेलं नाव उचललं असणार. व्हिडिओत चार टोमणे मारायला बरं, असं म्हणून तो पुढे गेला आणि आतल्या बॉसनं, म्हणजे त्या मुलखातल्या सगळ्यात दांडग्या शत्रूनं, त्याला पहिल्याच वाराला लोळवलं.

दुसऱ्या दिवशी दालनाशी आल्यावर त्यानं कंदील पुन्हा पाहिला. नसता पाहिला तरी चाललं असतं, पण राहवलं नाही. सावली बसली. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर होता. चिमणी लहानपणापासून अशीच बसते. आई तिला त्यावरून किती ओरडायची! त्यानं गेम बंद केला आणि डोकं दुखतंय असं सांगून चहा करायला उठला.

चिमणीपुढे चहा आला. कप तसाच निवत ठेवून ती म्हणाली, "दादा, काल खेळताना मला हाक मारली होतीस?"

"वेड लागलंय का मला?"

"तेच म्हणते मी. टीव्ही बंद आहे ना? मग हे ऐक."

तिनं कालचं रेकॉर्डिंग लावून हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला. वीज, पाऊस, लाकडी जमिनीवर पावलं. कंदिलाला हात लावल्यावर वाजते ती घंटी. आणि त्या सगळ्याच्या खालून, विहिरीतून यावा तसा, एक आवाज. "चिमणे!"

त्याचाच होता. कुणीही शपथेवर सांगितलं असतं. फक्त इतका घाबरलेला आवाज त्यानं स्वतःच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"माझा माइक..."

"बंद होता. मी तपासलं. आवाज गेममधून आलाय," ती म्हणाली. "पुढेही काहीतरी आहे. फार बारीक. रडल्यासारखं. उद्या साफ करून बघते."

"कंपन्या हल्ली लोकांचे आवाज उचलतात. आपल्या व्हिडिओंतून घेतला असेल."

"व्हिडिओत तू मला कधी हाक मारलीस?"

मास्तर म्हणाला, "सोडून देऊ हे. खडूसवरच व्हिडिओ करू."

"वा रे वा! बॉस तेवढा राहिलाय. अर्धी तुलना म्हणजे अर्धी दाढी, दादा. लोक हसतील."

"मग तू उद्या बाहेरच्या खोलीत बस."

"आणि हे सगळं सामान डोक्यावर घेऊन जाऊ? इतकी वर्षं बसतेय ना इथे? पाठ तुझ्याकडे, तोंड भिंतीकडे. काय होणार आहे मला?"

तिचं बोलणं बिनतोड होतं. तरी त्यानं आपल्या समाधानासाठी कानसेन हे खातं यंत्रावरून पुसून टाकलं. खातंच नाही तर कंदील कुठून येणार? त्या कल्पनेनं त्याला खरोखरच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मास्तरनं पडदे ओढले. आज तोंडाला कुलूप, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. काय वाटेल ते होवो, एक अक्षर बोलायचं नाही. मागे चिमणी तो बारीक आवाज साफ करायला लागली, कीबोर्ड टकटक वाजू लागला.

गाव. डोंगर. वाडा. दारं पांढरी, दारं काळी.

कंदील पेटलेलाच होता. नावही तेच.

त्यानं त्याला हात लावला नाही. मान वळवून सरळ दालनात गेला. बॉस समोर आला, आणि मास्तर खेळला मात्र अप्रतिम. प्रत्येक वार नेमका झेलला, पाऊल इकडचं तिकडे नाही. बॉस गुडघ्यांवर आला आणि पडला. विजा काही थांबल्या नाहीत. उलट वाढल्या, आणि आता तर दारं नुसती फडफडत होती.

मग दालनाच्या मधोमध सावली उठली. कंदील बाहेर होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

सावली पाठ करून बसली. डावा खांदा वर.

मागे कीबोर्डची टकटक थांबली.

सावलीनं दोन्ही हात कानांशी नेले.

मास्तरच्या पाठीमागे हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. ठक्. त्यानं टाच मारली नव्हती.

सावलीनं हात खाली घेतले. थांबली. पुढे काय होतं हे त्याला पाठ होतं. ती आता वळणार.

हातात कंट्रोलर होता. एक बटण दाबलं असतं तर टीव्ही काळा झाला असता. स्वतः उठून आडवा उभा राहिला असता तरी भागलं असतं. यातलं काही म्हणजे काही सुचलं नाही. सुचली ती फक्त एक गोष्ट, तिला थांबवायचं. वळू नकोस म्हणायचं होतं. तेवढं तोंडातून यायला वेळच मिळाला नाही.

"चिमणे!"

तिची खुर्ची करकरली.

त्यानं मागे पाहिलं. तिचा चेहरा टीव्हीकडे होता, पांढरा, काळा, पांढरा. डोळे उघडे. त्याच्याकडे बघून ती जरा हसलीसुद्धा, काहीतरी सांगायला निघाल्यासारखी. मग कोसळली. वायर ओढली गेली आणि हेडफोनही तिच्याबरोबर खाली आला.

त्यानं टीव्हीची तार उपसली. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात दिला, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं सगळं केलं. अंगाचे झटके हळूहळू कमी झाले. मग थांबले. तो तिच्या छातीकडे बघत राहिला. ती आता हलेल, मग हलेल.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. बाहेर गाडी धुणाऱ्यानं नळ बंद केला होता.

जमिनीवर पडलेल्या हेडफोनमधून काहीतरी ऐकू येत होतं. तिनं साफ केलेला तुकडा चालूच राहिला होता. आता त्यात वीज नव्हती, पाऊस नव्हता. एक बारीकसा, रडवेला, त्याचाच आवाज होता.

"ऊठ ना गं, चिमणे. ऊठ ना."

मास्तरनं अजून तोंड उघडलं नव्हतं.